पेटीतलं सरकार

तुम्ही महापे गावठाणात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मांडी घालून बसला आहात. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या घराची भिंत लागते. खाली रिक्षा निघायला मागत नाही आणि दुचाकीवाला मागे सरायला मागत नाही. शिळफाट्याच्या रस्त्यावरून ट्रक सुटले की मांडणीतली भांडी किणकिणतात. पलीकडे मिलेनियम बिझनेस पार्कच्या काचा आहेत, त्याहून पलीकडे डेटा सेंटरांची न थांबणारी घरघर. आजी उंबऱ्याशी बसून जवळा निवडते आहे.

तुमच्या पुढ्यात पत्र्याची पेटी आहे. आजोबा गेल्या दिवाळीत गेले. डोंगराकडे साडेतीन गुंठ्यांची एक पट्टी अजून त्यांच्या नावावर आहे आणि सातबाऱ्यावर तुमची वारस नोंद व्हायची आहे. त्यासाठी जुने कागद हवेत. पेटीत नेसायची लुगडी नाहीत की चांदीची भांडी नाहीत. बस्त्याच्या पिशवीत बांधलेलं एक गाठोडं आहे, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं.

ज्या घरात हे कागद इतक्या निगुतीनं जपलेत, त्या घरालाच पुरता कागद नाही. सरकारी भाषेत हे ‘गरजेपोटी बांधलेलं घर’. जमीन संपादनात गेली, कुटुंब वाढलं, मग उरलेल्या जागेवर मजले चढले. करपावती आहे, लाइटबिल आहे, परवानगी नाही.

गाठ सोडा. वरचा कागद उचला. प्रत्येकावर तारीख आहे. तारखेवर बोट ठेवलंत की तिथे जायला दुसरं यंत्र लागत नाही.

२०२३

पहिला कागद चुलतभावाचं प्रवेशपत्र आहे. कोपऱ्यात त्याचा घाबरलेला फोटो.

पावसाळी सकाळ आहे. परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर तुम्ही काकूबरोबर उभे आहात. काकूनं डबीतून दही-साखर आणली आहे. भोवती छत्र्याच छत्र्या. आत गेलेली पोरं संगणकावर तलाठी भरतीचा पेपर देत आहेत. राज्यभरात जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. त्यांत इंजिनिअर आहेत, एमबीए झालेले आहेत.

याच चुलतभावानं परवा ओट्यावर बसून तलाठी या जातीचा उद्धार केला होता. चार खेटे घातले, कधी साहेब मीटिंगला, कधी लिंक नाही, कधी सर्व्हर डाउन. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ हे आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असतं, ते त्यानं पुन्हा म्हटलं होतं. आता तो आत बसला आहे, ज्या खुर्चीला शिव्या घातल्या तिच्यात बसण्यासाठी. यात त्याला विसंगती दिसत नाही, काकूलाही नाही. काकूनं मुलीसाठी स्थळ बघायला घेतलं तेव्हा मध्यस्थाला पहिलं वाक्य हेच ऐकवलं होतं, “सरकारी नोकरीवाला असेल तरच पुढं बोला.”

पुढच्या वर्षी सरकार तलाठ्याचं पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ करणार आहे. गावात मात्र म्हातारी माणसं ‘तलाठी आप्पा आलेत का?’ असंच विचारत राहतील.

२०१२

दुसरा कागद म्हणजे पोच. वडिलांच्या अर्जाच्या झेरॉक्सवर जांभळा गोल शिक्का, आवक क्रमांक आणि मेमधली एक तारीख. पाठीमागे वडिलांनी पेनानं लिहिलंय : ‘फाइल वर गेली. २१ जून.’ त्या दुसऱ्या तारखेवर बोट ठेवा.

गुरुवारची दुपार आहे. एमआयडीसीतल्या एका टपरीवर तुम्ही कटिंग घेऊन उभे आहात. टपरीवाल्याच्या छोट्या टीव्हीवर मंत्रालय दिसतंय आणि त्याच्या वरच्या मजल्यांमधून काळा धूर निघतोय. चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर चढत चालली आहे. कुणी खिडकीबाहेरच्या कठड्यावर उभं आहे, कुणी पाइप धरून उतरतंय. या आगीत पाच माणसं जातील.

टपरीवर सुरुवातीची पाच मिनिटं सगळे गप्प आहेत. मग शिफ्ट सुटलेला एक ऑपरेटर म्हणतो, “लागली की लावली?”

हसू फुटतं. आग कशी लागली हे अजून कुणालाही ठाऊक नाही, अग्निशमन दलाला सुद्धा नाही. टपरीवर मात्र निकाल लागून गेलाय. आदर्श सोसायटीचं प्रकरण गाजत असल्यामुळे तीच फाइल जळाली असणार, असं एकजण छातीठोक सांगतो. त्या प्रकरणाची कागदपत्रं सीबीआयकडे आधीच गेलेली होती, हे नंतर कळेल. आज ते कुणाला ऐकायचं नाही. टीव्हीवर माणसं जीव वाचवत असताना इतकी माणसं एका क्षणात संशयावर एकमत होतात, हे तुम्ही नीट बघून घ्या. हा संशय आज दुपारी जन्मलेला नाही. प्रत्येकानं तो कुठल्यातरी खिडकीपुढे उभं राहून स्वतः कमावलाय.

वडील मात्र हसत नाहीत. त्यांच्या हातातला ग्लास तसाच आहे. “आपला कागद तिथंच गेला असंल,” ते म्हणतात.

दोन महिन्यांनी ते चौकशीला जातात. मंत्रालयात जळालेल्या फायली खालच्या कार्यालयांतल्या प्रतींवरून पुन्हा उभ्या करण्याचं काम चालू आहे. त्यांचा अर्ज मात्र उभा करावा लागत नाही. तो वर गेलेलाच नव्हता. खालच्याच एका कार्यालयातल्या कपाटात, वरून तिसऱ्या गठ्ठ्यात, तो सुखरूप होता. वडील घरी येऊन पहिल्यांदा मोठ्यानं हसतात. म्हणतात, “चालढकलीनं वाचवला बघ.”

२००६

तिसऱ्या कागदावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आहे आणि वर ‘जोडपत्र अ’ असं छापलंय. माहितीच्या अधिकारातला अर्ज.

राज्यात असा कायदा २००२ सालीच आला होता. त्यामागे अण्णा हजारेंची आंदोलनं होती. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा लागू झाला आणि त्यानंतर अर्जनवीसांच्या टेबलांवर हा नमुना चहासारखा खपू लागला. वडिलांनी विचारलंय एवढंच : माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर, किती दिवस आणि कोणत्या कारणासाठी आहे?

तुम्ही आता त्या कार्यालयात आहात. लाकडी बाक, भिंतीवर ‘लाच देणे व घेणे गुन्हा आहे’चा फलक, त्याखाली पानाच्या पिंका. पंखा फिरतोय आणि प्रत्येक फाइलीवर काहीतरी ठेवलंय : दगड, काचेचा गोळा, एका फाइलीवर चक्क नटबोल्ट. ‘कागदावर वजन ठेवा’ या शब्दांना आपल्याकडे दुसरा अर्थ कुठून आला असेल, ते इथे बसलं की कळतं.

आजोबाही बरोबर आहेत. गेली दोन वर्षं ते या टेबलापुढे उभे राहिलेत. आज कारकून अर्ज वाचतो, मग पुन्हा एकदा वाचतो, उठतो आणि शेजारची खुर्ची पुढे ओढतो.

“बसा ना आजोबा.”

आजोबा बसत नाहीत. ते खुर्चीकडे बघतात, वडिलांकडे बघतात. मग खुर्चीच्या अगदी कडेवर टेकतात, कोणत्याही क्षणी उठवलं जाईल अशा बेतानं. माहिती तीस दिवसांत येईलच, पण दहा रुपयांचं काम या खुर्चीपाशीच झालंय.

कारकून वाईट माणूस नाही. चहा मागवून तो हळूच बोलतो, “साहेब, सही केली आणि पुढं काही निघालं, तर दहा वर्षांनी चौकशी माझ्यावर. पेन्शन अडकते. सही नाही केली तर मला कोण विचारतं?” हे वाक्य लक्षात ठेवा. सहा महिन्यांच्या म्हणीचं अर्धं उत्तर त्यात आहे. चिरीमिरी असतेच, आळसही असतो, पण त्याखाली हा साधा हिशेब आहे : केलेल्या कामाला शिक्षा आहे, न केलेल्याला नाही. हा हिशेब उलटा करायला महाराष्ट्रानं याच सुमारास कायदा केला. शासकीय बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम सांगतो की साधारणपणे कोणतीही फाइल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांहून जास्त थांबू नये. पुढे २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा येईल आणि दाखला किती दिवसांत मिळायला हवा ते भिंतीवर लिहावं लागेल. भिंतीवर ते लिहिलं जाईल. त्याच्या पुढ्यात वॉटर कूलर ठेवला जाईल.

१९८४

चौथा कागद तुमच्या घरचा नाही. आत्याच्या सासरचा आहे, उरणकडचा. पुरात भिजेल या भीतीनं आत्यानं तो माहेरी आणून ठेवला आणि मग तो इथलाच झाला.

जानेवारीचा महिना. जासई परिसरातला रस्ता माणसांनी भरून गेलाय. लुगड्याचे काचे मारलेल्या बायका पुढे आहेत. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरणच्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं, आणि चौदा वर्षांनी ही माणसं विचारतायत की शहर आमच्या शेतावर उभं राहतं तर त्यात आम्ही कुठे? पुढे उभे आहेत पनवेलचे वकील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील. १६ आणि १७ जानेवारी, या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण पडतात. तुम्ही आवाज ऐकता तेव्हा आधी वाटतं, फटाके आहेत. मग आत्या तुमचा हात धरून बांधाखाली ओढते. तिथल्या चिखलाचा गारवा तुमच्या गुडघ्यांना अजून आठवतो.

रात्री आत्याच्या घरी दिवा बारीक आहे. सासरा गाठोडं सोडून एक पावती बाहेर काढतो. मोबदल्याची. खाली निळा अंगठा, आणि अंगठ्याशेजारी कुणा शिकलेल्या पोरानं लिहून दिलेले दोन शब्द : ‘अंडर प्रोटेस्ट’. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात या दोन शब्दांना जमिनीइतकी किंमत आहे. हरकत नोंदवून पैसे घेतले तर वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाची वाट उघडी राहते, निमूट घेतले तर ती मिटते. सासऱ्याला ते शब्द वाचता येत नाहीत. कुठे आहेत ते मात्र माहीत आहे. बोट बरोबर तिथे ठेवून तो म्हणतो, “ह्यो हाय तवर आपुन हाव.”

या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आकाराला येईल. आणि मग काय होईल तेही बघा. गोळ्या झेललेल्या गावांतली माणसं पात्रता यादीत नाव यावं म्हणून रांगेत उभी राहतील, वारस दाखल्यासाठी कोर्टात जातील, इरादापत्र मिळालं की पेढे वाटतील. कुणी कंटाळून भूखंडाआधीच फाइल विकतील. त्या बाजाराला शब्दही साधा आहे : ‘फाइल विकली’. जमीन नाही, भूखंड नाही, फाइल.

१९६० चं दशक

पाचवा कागद घडीवर फाटलाय. मागून सेलोटेप लावलाय आणि तोही पिवळा पडलाय. ही महाप्याची स्वतःची गोष्ट. सिडकोच्याही आधीची.

तुम्ही चावडीपुढे उभे आहात. वाशीचा पूल अजून व्हायचाय, तो १९७३ मध्ये होईल. पारसिकचा डोंगर हिरवागार आहे, त्याच्या पायथ्यापासून खाडीच्या अंगापर्यंत भाताची खाचरं. ठाण्याच्या कचेरीत जायचं म्हणजे एक अख्खा दिवस मोडायचा आणि परतायला तिन्हीसांज. दवंडी फिरली आहे. चावडीच्या भिंतीवर खळीनं चिकटवलेली नोटीस अजून ओली आहे.

१९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झालेलं औद्योगिक विकास महामंडळ, आणि ठाणे खाडीपलीकडचा हा पट्टा. कायदा असा की संपादनाची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली की जमीन सरकारजमा. खाचरात उभं पीक असो की नुकती लावणी झालेली असो, मालक बदलतो तो ठाण्या-मुंबईच्या छापखान्यात. ते राजपत्र महाप्यात कुणी पाहिलेलं नाही.

आता माणसांच्या चेहऱ्यांकडे बघा. २०१२ च्या टपरीवरचा संशय तिथे शोधाल तर सापडणार नाही. राज्य होऊन चार-पाच वर्षं झालीत. कारभार मराठीत आलाय, जिल्हा परिषदा आल्यात. शाळामास्तर नोटीस वाचून दाखवतो आणि कुणीतरी म्हणतं, “आता आपलंच सरकार हाय, बुडवंल कशाला?” कारखाने येतील, घरटी एकाला नोकरी लागेल, असं बोललं जातंय. तुमचे आजोबा वीस-बावीस वर्षांचे आहेत, गर्दीच्या कडेला. त्यांना सही येते. अख्ख्या आळीत ती येणारे मोजके, म्हणून मोबदल्याच्या दिवशी साहेब त्यांना पुढे बोलावतो. ते रेघेवर सावकाश नाव लिहितात. त्या सहीचा त्यांना इतका अभिमान वाटतो की खाली काय लिहिलंय ते विचारायचं राहून जातं.

त्यांना खांद्यावर हात ठेवून थांबवावंसं वाटतंय ना? ठेवा. हात आरपार जातो.

कारखाने आले, हे खरं. काहींना नोकऱ्या लागल्या, हेही खरं. पण आजोबांनी त्या दिवसानंतर एक सवय लावून घेतली. दुधाची असो की दवाखान्याची, कोणतीही चिठ्ठी ते फेकत नसत. ही पेटी त्याच वर्षीची आहे. मोबदल्यातून घेतलेली, असं आजी सांगते.

तळाचा कागद

सगळ्यात खाली पुड्याएवढा एक तुकडा आहे. शाई तपकिरी झालेली. अक्षरं एकमेकांना बांधलेली, वळणावळणाची. मोडी. घरात कुणालाच ती वाचता येत नाही, आजोबांनाही येत नव्हती. आकडे तेवढे लागतात : साल १९३८, पुढे काही रुपये, काही आणे.

बोट ठेवा.

ओसरीवर तलाठी बसलाय. बोरू कागदावरून न उचलता तो ओळ संपवतो. पुढ्यात पणजोबा उकिडवे बसलेत, अंगावर लंगोट आणि खांद्यावर घोंगडी. शेतसारा भरला आहे. तलाठी “झालं, जा” म्हणतो. पणजोबा जात नाहीत. हात पुढे धरून बसून राहतात.

“काय पाहिजे?”

“पावती.”

तलाठी कुरकुरत चिठ्ठी लिहितो. पणजोबा ती उलटी धरून बघतात, मग सुलटी. दोन्हीकडून सारखीच. घडी घालून पागोट्यात खोचतात.

या माणसाला तलाठ्याचा भरवसा नाही, म्हणून त्यानं पावती मागितली. पावती तलाठ्यानंच लिहिली आहे आणि ती त्याला वाचता येत नाही, म्हणून भरवसा पुन्हा तलाठ्यावरच. पुढचे सगळे कागद या एका पागोट्यातून निघाले आहेत. अंगठ्याशेजारचे दोन शब्द, जांभळी पोच, दहा रुपयांचा स्टॅम्प, पोराचं प्रवेशपत्र. सरकारवर विश्वास नसलेल्या माणसांनी चार पिढ्या सरकारचा कागद जपला. कारण सरकारनं उद्या आपल्याला ओळखलं नाही, तर त्यालाच दाखवायला दुसरं त्यांच्याकडे काय होतं?

आज

ट्रक जातो. भांडी किणकिणतात. तुम्ही फोन काढता, सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर जाता, पंधरा रुपये भरता. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिनिटभरात येतो. या पंधरा रुपयांत पणजोबांचा अख्खा दिवस वाचतो, कुणापुढे उकिडवं बसावं लागत नाही, आणि हे काही कमी नाही. कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रातून प्रिंट काढून तुम्ही आजीच्या हातात देता.

आजी जवळ्याचं सूप बाजूला सारते, हात पदराला पुसते. कागद उलटा करून बघते, मग सुलटा. खालच्या चौकोनी काळ्यापांढऱ्या जाळीवर बोट ठेवते.

“ये काय लिवलंय?”

“क्यूआर कोड. तो मशीन वाचतं.”

“तुला वाचता येतं?”

“नाही.”

ती कागद परत देते. “आन सिक्का कं हाय रं बाला?”

सही-शिक्क्याची गरज नाही असं त्यावरच छापलंय, हे तुम्ही सांगून बघता. ती जवळा निवडायला लागलेली असते. मग तुम्ही दोन जिने उतरून पुन्हा सेवा केंद्रात जाता. तिथला पोरगा तुम्हाला पुरतं बोलूही देत नाही. त्याच्या रोजच्या सवयीचं आहे. खणातून दुकानाचा रबरी शिक्का काढतो, स्टॅम्प पॅडवर दोनदा दाबतो आणि कोपऱ्यात ठसठशीत उमटवतो. कायद्यात त्या शिक्क्याला काडीची किंमत नाही.

आजी तो उजेडात धरून बघते, फुंकर घालून शाई वाळवते, आणि गाठोड्यात सगळ्यात वर ठेवून पिशवीला दोन गाठी मारते.